सयाजीची मार्बल फरशी

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोनं हात दिला, तेव्हा सयाजीनं मनाशी हिशेब मांडला: घराचं एक काम काढायचं आणि त्याच पैशात सून आणायची. त्याच्या पोरानं, भरतनं, शिनोलीची उज्ज्वला पसंत केली होती. तिच्याकडचे म्हणाले, "घर बघून सांगतो." म्हणजे सगळं आता घरावर आलं.

"संडास बांधा," त्याची बायको कुशाबाई म्हणाली. "बायाबी येणार हायेत."

"पावणं बसणार बैठकीत. पैसा दिसंल तिथं घालायचा."

"सोपानभावजींनी बांधला की."

सोपान म्हणजे सयाजीचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून. घरात अजून सारवलेली जमीन, पण परड्यात नवा संडास. सयाजी त्याला पिंपळवंडी गावभर हसला होता.

शेवटी बैठकीत पांढरी मार्बल बसली. पावणे यायच्या दिवशी सयाजीनं ती रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढली. इतकी चमकली, की उंबऱ्यातून आत डोकावलेली कोंबडी विचार करून माघारी फिरली.

शिनोलीची जीप आली. वाटेत ओळखीपाळखीच्या घरी चहा घेत घेत आलेली. उज्ज्वलाचे मामा भिंतीला धरून सतरंजीपर्यंत पोचले.

"लई घसरतंय, राव."

"अस्सल मार्बल हाय, पावणं," सयाजी म्हणाला.

एवढ्यात उज्ज्वलाची आत्या, अंबाबाई, कुशाबाईच्या कानाशी लागली. कुशाबाईनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा फरशीकडं, आणि पावणीला घेऊन सोपानच्या परड्याकडं निघाली. बाई अशा कामाला एकटी जात नाही. मागोमाग उज्ज्वलाची आई उठली, तिच्यामागं काकू.

आता परड्यापर्यंत आलेली बाई कुंकवाशिवाय कशी जाईल? सोपानची लंकाबाई करंडा घेऊन आली. कुंकवामागून चहा आला. चहा म्हणजे बसणं, आणि बसल्यावर विचारपूस ओघानंच आली.

"पाणी भरतोय त्यो कोण?" अंबाबाईनं विचारलं.

"आमचा सुभाष. चाकणला कंपनीत हाय. सुट्टीला आला की पिंप त्योच भरतो."

तिन्ही बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

इकडं पोहे गार झाले. कुशाबाई दारात दिसताच सयाजी तिच्यापाशी जाऊन पुटपुटला, "बाया कुठं गेल्या?"

"सोपानभावजींकडं."

"तिथं काय ठेवलंय?"

"तुमी नगं म्हनलेलं."

बायांना बोलवायला मामा गेले. तेही तिकडंच बसले.

आठवड्यात शिनोलीचा निरोप आला: उज्ज्वला याच भावकीत द्यायची, पण शेजारच्या घरात. भरतनं ऐकलं आणि बूट घालून रानात गेला.

संध्याकाळी सोपान आला. अवघडून उंबऱ्यातच उभा राहिला.

"दादा, लग्न आपल्याच दारी हाय. वऱ्हाड माझ्या घरात मावायचं न्हाई. तुझ्या फरशीवर उतरवू?"

भावकीत नाही म्हणता येत नाही. सयाजीनं मान हलवली.

"आनि येवढ्या मानसांना माझा एक संडास पुरायचा न्हाई," सोपान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गवंडी परत आला. खड्डा कुठं घ्यायचा ते कुशाबाईनं आधीच चुना टाकून आखून ठेवलं होतं.

लग्न उरकल्यावर हिशेब निघाला तो असा: फरशी सयाजीची, संडास सयाजीचा, पुतण्याचा आहेर सयाजीचा, सून सोपानची. कुशाबाईनं पदरचं काही घातलं नाही. तिनं फक्त पावणीला वाट दाखवली होती.