मंजूर कोंबडा

सन १९६१च्या जूनमध्ये डहाणूला सरकारी बालरंजन चित्रशाळा सुरू झाली, ती गवताच्या एका रिकाम्या वखारीत. चित्रं हलवून मुलांना हसवायचं, एवढंच तिचं काम. मी तिथला कारकून, लोक मला तात्या म्हणत. आवक-जावक आणि शिक्का माझ्या ताब्यात. तेव्हा त्या चित्रशाळेचा खरा इतिहास मीच सांगणार, बाकीच्यांना काय डोंबल ठाऊक?

पहिला चित्रपट मंजूर झाला तो दोन मिनिटांचा, मुका. कोंबडा आरवतो आणि गाव जागं होतं. चित्रकार म्हणून तलासरीकडच्या पाड्यावरची सोमी मिळाली. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावा तर तिनेच. तिची आई बुधीबाई त्याच कामातली जुनी जाणती. काढलेला कोंबडा कधी आरवतो का, म्हणून म्हातारी लेकीला हसली. "आये, तू बघशीलच," असं सांगून सोमी नोकरीवर आली. आईला तेवढं एकदा दाखवायचं, बाकी तिला सरकारकडून काही नको होतं.

या कामाला एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा केसभर वेगळं काढायचं, एकेकाचा फोटो घ्यायचा आणि ते भराभर दाखवायचे, की कोंबडा हलतो. मुंबईच्या कॅमेरावाल्याने हे साहेबांना अर्धा तास समजावलं. साहेबांनी मान डोलावली, म्हणजे त्यांनी ऐकलं नव्हतं.

साहेब म्हणजे हरिश्चंद्र चुरी, लाकडाच्या डेपोतून बदलून आलेले. तिथे ओंडक्यावर छाप नसेल तर गाडी चारोटीच्या नाक्यावरून हलत नसे. तीच शिस्त त्यांनी इथे लावली. प्रत्येक चित्र तपासायचं, त्यावर सही करायची आणि मधोमध गोल शिक्का मारायचा. कडेला मारला तर कडा तासून माल पळवतात, असा त्यांचा अनुभव होता. लाकडाचा का असेना, अनुभव तो अनुभव.

पहिलं चित्र मंजूर झालं. दुसरं शेरा घेऊन परत आलं: 'मंजूर कोंबड्यात बदल आढळतो. मान वर का, याचा खुलासा व्हावा.' सोमीला आत बोलावलं.

"साहेब, मान वर केल्याबिगर तो आरवंल कसा?"

"बाई, मंजुरी एका कोंबड्याची आहे. हे दोन झाले."

खुलासा मी लिहून दिला. तो वर गेला आणि चार महिन्यांनी खाली आला: मंजूर नमुन्याबरहुकूम काम करावे. मग काय! मान खाली, चोच बंद, असा एकच कोंबडा ती दोन वर्षं काढत बसली. मला तिची दया यायची. पण शिक्के मारून माझाही दंड भरून यायचा, त्यामुळे ती जरा कमीच पडायची.

चित्रं लागणार होती दोन हजार आठशे ऐंशी. शिक्के पडले दोन हजार आठशे छप्पन्न. शेवटची चोवीस सोमीने माझ्या टेबलावरून न नेता थेट कॅमेरावाल्याला दिली. मला हे कळलं आणि मी गप्प बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत तेवढंच काय ते शौर्य.

विवळवेढ्याच्या यात्रेत, भर दुपारी, दुहेरी ताडपत्रीच्या तंबूत खेळ लागला. तीनशे माणसं दाटीवाटीने बसली. पुढे बुधीबाई, शेजारी पदराचं टोक चावत सोमी.

कोंबडा ढिम्म हलला नाही. पण शिक्का! मी हाताने मारलेला, कधी वर, कधी खाली, कधी तिरका. त्याने पडद्यावर असा काही धिंगाणा घातला, आणि साहेबांची सही त्याच्याभोवती अशी फुगडी खेळली, की पोरं हसून हसून लोळली. शेवटच्या सेकंदाला मात्र शिक्का गेला. मोकळ्या पडद्यावर कोंबड्याने मान वर केली आणि चोच उघडली. तेवढ्यात तंबूत गलका उठला, शिक्का कुठं गेला, पिक्चर बिघडलं.

बिनशिक्क्याच्या चित्रांची जागेवरच चौकशी झाली. झाडून सगळ्यांनी पिक्चर बिघडल्याचा जबाब दिला. एकटी बुधीबाई म्हणाली, "कोंबडा आरवला. मी पायला." तिचा अंगठा घेतला. पण अंगठ्याला साक्षीदार लागतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाईची गादी पुसत होतो, ती पुसतच राहिलो.

सोमीची नोकरी गेली. साहेबांना बढती मिळाली, आणि दुसरा चित्रपट मंजूर झाला त्यात कोंबडा नव्हताच, नायक थेट शिक्काच. दोघी मायलेकी तलासरीच्या रस्त्याने चालत गेल्या. म्हातारी मान वर करून, तोंड उघडून लेकीला काहीतरी करून दाखवत होती आणि दोघी हसत होत्या.

आता मी पेन्शनीत आहे, माझं कोण काय वाकडं करणार? म्हणून सांगतो, कोंबडा आरवला होता. तेव्हा बोललो नाही, याची लाज वाटते. पण तुम्ही मला नावं ठेवू नका. गेली पाच मिनिटं तुम्हीही त्या शिक्क्यालाच हसताय, आणि त्या तंबूत असतात तर शेवटच्या सेकंदाला तुम्हीही तोच शोधला असतात.