उंबरझऱ्यावरील लोकसदनाची कैफियत

श्री. प्रथम वंदन धरणीस, जी सर्वांस बसावयास जागा देते आणि मोबदला मागत नाही. दुसरे वंदन पाण्यास. तिसरे ऐकणारांच्या धीरास, कारण पुढील वर्तमान ऐकावयास तो बहुत लागेल. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, वैशाखमासी, एका राज्यात (नाव लिहून कोणाचा रोष घ्यावा?) हुजुरांच्या मनात ऐसे आले की, रयत घरोघरी मोबाईलात तोंड घालून बसली, कोणी कोणास भेटत नाही, दारच्या झाडाचे नाव विचारता डोके खाजविते, तरी गावोगावी लोकसदने उभारावी, जेथे माणूस माणसास भेटेल आणि मातीसही भेटेल. मनसुबा उत्तम. खोटे कशास बोलावे? मग सगुणाबाई स्थपती यांस बोलावणे गेले. बाई इमारती रेखाटण्यात निष्णात, स्वभावे सरळ, आणि दरबारात सरळ माणसाची काय गत होते हे ठाऊक नसलेल्या.

बाई डोंगरपायथ्याच्या एका गावी आल्या. गावाबाहेर उतारावर जुना उंबर, त्याच्या मुळांतून बारमाही झरा, आणि गावची बैठक तेथेच. रिवाज ऐसा की, ज्या दोघांचा तंटा असेल त्यांनी आधी झऱ्यावर जावे, एकाने ओंजळ भरून धरावी आणि दुसऱ्याने तीतून प्यावे, मग दुसऱ्याने धरावी आणि पहिल्याने प्यावे, आणि तोवर कोणी अवाक्षर काढू नये. त्या वेळी गेनबा आणि सावळा या चुलत भावांचा गुरांच्या वाटेवरून तंटा पेटला होता. काठ्या निघाल्या होत्या. बाईंनी समक्ष पाहिले की, गेनबाने ओंजळ धरली, सावळा तीत वाकला, आणि त्याचे ओठ भावाच्या हातास लागताच गेनबाचे डोळे भरून आले. वाट एक वर्षापुरती दोघांस मोकळी जाहली. बैठकीचे वडील भिवबा म्हणाले, "बाई, भिंतीबिंतीचं काय ते तुमी बघा. पर झऱ्याला नि झाडाला धक्का लागला, तर गाव हातचं जाईल बघा." बाई बोलिल्या, "भिवबा, डहाळीसुद्धा मोडू देणार नाही. हा माझा शब्द." हाय हाय! शब्द देताना बाईंनी दरबारास विचारले नव्हते.

मग बाईंनी नकाशा केला, आणि ऐसा केला की पाहणाराने पाहात राहावे. मधोमध उंबर, त्यावर छप्पर नाही, बुडाशी झरा, भोवती बुटक्या दगडी भिंती, डोंगराकडील वारा आत यावा म्हणून ती बाजू उघडी, उतार जसा आहे तसाच ठेवून त्यावर बसावयाच्या पायऱ्या. उंबर हिरव्या रंगाने काढिला आणि झरा निळ्या रंगाने, आणि बाईंस वाटले, आता आंधळ्यासही कळेल. दरबारात वाहवा जाहली. दसऱ्याचे सुमारास पायाभरणीचा मुहूर्त धरिला, आणि त्याच दिवशी राजधानीत बाईंस शालश्रीफळ देण्याचे ठरले, सबब बाई तिकडे आणि काम इकडे.

इकडे कारभारी तुकोपंत. माणूस दुष्ट नव्हे, कामाचा वाघ. हेच गावाचे दुर्दैव. त्यांनी नकाशा उलगडिला आणि विचार केला की, यात एक झाड दाखविले आहे, एक पाणी दाखविले आहे. नकाशात दाखविले ते सर्व आपणास करावयाचे, हा खात्याचा शिरस्ता. मग जागेवर आधीच जे झाड आणि पाणी आहे, ते कामास अडथळा. शिवाय पुढे सदन उघडण्याच्या मांडवास सपाट जागा पाहिजे, हुजुरांची खुर्ची कलती कैसी ठेवावी? मग यंत्रे आली आणि उंबर पाडिला, झऱ्यावर मुरूम दडपिला, उतार सपाट केला. भिवबा यंत्रापुढे आडवे पडले, तो शिपायांनी उचलून बाजूस बसविले आणि अदबीने चहा पाजिला. ऐन त्या घटकेस राजधानीत बाईंच्या खांद्यावर शाल पडत होती. शालीचा रंग हिरवा होता म्हणतात.

बाई परतल्या, आणि सपाट जागा पाहून, उंबर कोठे, झरा कोठे, म्हणत धावत सुटल्या. तुकोपंत म्हणाले, "बाईसाहेब, घाबरता कशास? नकाशाबरहुकूम सर्व होईल. उंबर सिमेंटाचा करितो, पाने गळण्याची कटकट नाही. झऱ्यास पंप लावितो." बाई ओरडिल्या, "अहो, ते तेथे होते म्हणून मी काढिले होते!" तुकोपंत गोंधळले आणि बोलिले, "जे आहेच, ते कशास काढावे?" बाई तडक हुजुरांकडे गेल्या, रडल्या. हुजूर कळवळले आणि सिमेंटाचा उंबर दुप्पट उंच करण्याची आज्ञा जाहली.

पुढील वर्षी लोकसदन उघडिले. हुजुरांची मर्जी की, रिवाज डोळ्यांनी पाहावा. सावळ्याने वाट पुन्हा अडविली होतीच, तेव्हा दोघा भावांस उभे केले. भिवबा जड पावलांनी पंपाच्या झऱ्याकडे गेले आणि गेनबास म्हणाले, "धर ओंजळ." तोच एक पहारेकरी धावला, "आजोबा, हात नका लावू, त्यात औषध टाकलंय, पोटात गेलं तर दवाखाना." मग तुकोपंतांनी तत्परतेने दोघांस पाण्याची एकेक बंद बाटली दिली. गेनबाने आपली उघडिली, सावळ्याने आपली. दोघे एकमेकांकडे पाठ करून प्याले. टाळ्या जाहल्या. सावळा तोंड पुसून म्हणाला, "आता कोर्टातच भेटू."

बाई मागच्या सिमेंटाच्या पायरीवर होत्या. भिवबा त्यांच्यापाशी येऊन बसले. बाईंनी तोंड पदराने झाकिले आणि म्हणाल्या, "भिवबा, मला शिव्या द्या." भिवबा म्हणाले, "शिव्या देऊन काय व्हायचं, बाई? घर झ्याक झालंय. पर आता आमी बसायचं कुठं?"

सारांश. लोकसदनाची कीर्ती परमुलखी गेली. पाहावयास लोक येतात आणि सिमेंटाच्या उंबराखाली उभे राहून तसबिरी काढितात. गुरांची वाट बंद आहे. मुरमाखाली झरा आहे की आटला, हे कोणी खणून पाहिले नाही. सगुणाबाई आजही इमारती रेखाटितात, परंतु जेथे खरे झाड उभे असेल, तेथे कागद कोरा ठेवितात. घडले तितके लिहिले.