दौलतरावांची सहा तासांची पार्टी

दौलतराव तायडे आमच्या दारात उभे राहिले की नमस्कार नाही, चमत्कार नाही, कसे आहात हेसुद्धा नाही. गोधडीत गुंडाळलेलं एक भलंमोठं भांडं पोटाशी धरून ते एकच प्रश्न विचारायचे.

"शितोळेजी, एक प्लग मिळेल?"

रविवारी सकाळी दहाला हा प्रश्न यायचा. माणूस साठीच्या पुढचा, अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात पेपरातून कापलेलं लोडशेडिंगचं वेळापत्रक. कोणत्या भागात कधी लाइट जाणार हे त्यांना वीज कंपनीपेक्षा जास्त ठाऊक असे. "आमच्याकडे आज दिवसभर लाइट नाही, तुमच्या छत्रीबागेत दहा ते चार मामला क्लिअर आहे," ते सांगायचे, आणि मी हो म्हणायच्या आत चपला काढून मोकळे व्हायचे.

भांड्याबद्दल सांगायला हवं. दौलतरावांची मुलगी सुजाता मस्कतला नर्स. एका सुटीत ती बापासाठी विजेवर चालणारी हंडी घेऊन आली. बाहेरून तपकिरी, वर काचेचं झाकण, पुढे एक बटण. मंद आचेवर तासन् तास शिजवणारी. "पप्पा, सकाळी लावायची आणि विसरून जायचं. एकट्या माणसाला बरं पडतं," असं तिनं समजावलं. सोबत पाककृतींची एक पुस्तिका होती. त्यात वरण होतं, सूप होतं, एकट्या माणसाला पुरतील असे बरेच पदार्थ होते. दौलतरावांनी ते सगळे ओलांडले आणि शेवटच्या पानावर जाऊन थांबले. तिथे फोटो होता. मोठ्या बशीत चकचकीत सॉसेजेस, प्रत्येकात एक काडी टोचलेली, आणि भोवती हसणाऱ्या माणसांचे हात. वर लिहिलं होतं, पार्टीसाठी, पंचवीस जणांना पुरेल.

त्यानंतर त्या हंडीत दुसरा कोणताही पदार्थ शिजला नाही.

सॉसेज ही वस्तू दौलतरावांना नवी नव्हती. त्यांचे वडील महूला फौजेच्या ऑफिसर्स मेसमध्ये खानसामा होते. पोह्यांवर शेव भुरभुरवून सकाळ साजरी करणाऱ्या आमच्या गल्लीला मात्र हे प्रकरण दौलतरावांनीच शिकवलं. शनिवारी ते बसने महूला जात, छावणीतल्या एका दुकानातून चिकनचे सॉसेज आणत. कृती म्हणाल तर अगदी सोपी. सॉसेजचे बोटाच्या पेरांएवढे तुकडे करायचे, त्यावर टोमॅटो केचप, किसलेला गूळ, वाटलेली राई आणि थोडा सिरका घालायचा, हलवायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. झालं. पुढे करण्यासारखं काहीच नाही. आणि हे काहीच नाही दौलतराव दिवसभर करत बसायचे.

पुस्तिकेत चार तास लिहिले होते. दौलतराव सहा घ्यायचे. मी एकदा हे त्यांच्या नजरेला आणून दिलं.

"ते फॉरेनचे चार आहेत, भिया," ते म्हणाले. "तिकडची लाइट दमदार. आपलं व्होल्टेज बघा, बल्ब पण बेचारा शरमून जळतो. इकडे सहाच."

माझी आणि त्यांची ओळख मिलमधली. मी टाइम ऑफिसात होतो, हजेरीची कार्डं बघायचो. ते बॉयलरवर होते, सव्वीस वर्षं. मिल बंद झाली तेव्हा पेपरांत रोज छापून येत होतं की देश आता खुला होतोय. आम्ही दोघं बंद फाटकासमोर उभे राहून ती बातमी वाचली होती. मला पुढे भंवरकुआंला एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचं काम मिळालं. दौलतरावांना कोण काय देणार? बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला बॉयलर लागतो, आणि शहरातले बॉयलर एकेक करून थंड होत चालले होते. मिल गेली, दोन वर्षांनी बायको गेली, मग सुजाता मस्कतला गेली. हाताखाली आच असलेली एवढी एकच वस्तू उरली होती, ती ही हंडी.

त्यामुळे हंडीला बॉयलरचे सगळे कायदे लागू झाले. हंडी आमच्या स्वयंपाकघरात नव्हती. सुलभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, ओट्यावर मांस चढत नाही. तिनं पडवीतला, चपलांच्या मांडणीशेजारचा प्लग दाखवला. मला ओशाळल्यासारखं झालं, पण दौलतराव खूश. "बॉयलर हाउस नेहमी मिलच्या बाहेरच असतो, वहिनी. सेफ्टीचा नियम आहे." मग ते हंडीसमोर स्टूल टाकून बसत आणि पिशवीतून एक वही काढत. दर तासाला नोंद. 'बारा वाजता. मंद. झाकण गरम. ठीक.' खाली सही. सहा तासांत 'ठीक'खेरीज दुसरा शब्द त्या वहीत मी कधी पाहिला नाही.

आणि बॉयलरला एकटं सोडायचं नाही, हा सगळ्यांत मोठा कायदा. विसरून जाता यावं म्हणून बनवलेल्या यंत्रासमोरून हा माणूस हलायला तयार नसायचा. बाथरूमला जायचं असलं तरी हाक यायची.

"शितोळेजी, चार्ज घ्या."

मी तपासायचे पेपर बाजूला ठेवून उठायचो, स्टुलावर बसायचो. "घेतला" असं मोठ्यानं म्हणायला लागायचं, नुसती मान हलवून भागत नसे. परत आल्यावर ते आधी वही बघायचे, मग हंडी, मग मला. एकदा मी दोन मिनिटं उठून फोन घेतला तर त्यांनी वहीत लिहिलं, 'चार्जमन गैरहजर.' माझ्याच घरात!

सुलभानं एकदा चार्ज घेतला आणि आत काय चाललंय ते बघायला झाकण उचललं. दौलतराव टॉवेलला हात पुसत बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले.

"वहिनी, हे काय केलं? आता अर्धा तास वाढला. वाफ बाहेर गेली ना! प्रेशर बनू द्यायचं असतं."

प्रेशर बनू द्या हा त्यांचा सगळ्या प्रश्नांवरचा तोडगा होता. पोरगं नापास झालं, जावई रुसला, नळाला पाणी आलं नाही, तरी तेच. "घाबरायचं नाही भिया, प्रेशर बनू द्या."

आता पार्टीसाठीच बनवायची वस्तू म्हटल्यावर पार्टी हवी. ती जबाबदारीही दौलतरावांनीच उचलली होती. आमच्या घरात ते स्वतःच निमित्त शोधायचे. आमच्या कूलरला वाळ्याची नवी खस बसवली, पार्टी. समोरच्या जोशींची मुलगी सप्लिमेंटरी देऊन सुटली, पार्टी. एकदा तर काहीच सापडेना, तेव्हा लोडशेडिंग अर्ध्या तासानं कमी झालं म्हणून पार्टी दिली, आणि त्याच पार्टीत लाइट गेली. हंडी गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन दौलतराव अंधारात बसून राहिले. वहीत टॉर्च लावून लिहिलं, 'लाइट नाही. आच शिल्लक. ठीक.'

चारनंतर गल्ली जमायची. वर पोह्यांवरचा जिरावन मसाला भुरभुरवलेले सॉसेज दौलतराव स्वतः वाढत. टूथपिक त्यांना पसंत नव्हत्या. नव्या झाडूच्या काड्या उकळून, वाळवून, एकसारख्या कापून ते आणायचे. झाडू म्हटल्यावर पाहुण्यांचे चेहरे व्हायचे ते बघण्यासारखे. "नवा झाडू आहे, साहेब. घराचं तोंड पण नाही पाहिलं त्यानं." गल्लीतले निम्मे लोक शाकाहारी, ते शेव खायचे आणि बाकीच्यांच्या बशीकडे चोरून बघायचे. दौलतराव स्वतः जेमतेम एक तुकडा खात. साडेपाचला हंडी धुऊन, पुसून, गोधडीत बांधून मोपेडवर पायांमध्ये ठेवत आणि जात.

दीड वर्षं हे चाललं. कधी आमच्याकडे, कधी मिलमधल्या आणखी कुणाकडे. मग त्या बाकीच्यांपैकी एक मुलाकडे पुण्याला गेला, एकानं घर विकलं, एकाच्या सुनेनं प्लग खराब आहे असं सांगितलं. राहिलो आम्ही. दर रविवारी.

सुलभा एका संध्याकाळी सरळ बोलली. "तुमचा एक दिवस असतो घरी. तो पण त्या हंडीपुढे जातो. मी किती लोकांचे कप विसळायचे?" तिचं चुकत नव्हतं. शिवाय मी रविवारी घरीच एक बॅच सुरू करायचं ठरवलं होतं, दहा ते एक. मुलं त्याच पडवीत बसणार, चपलांच्या मांडणीजवळ. दौलतरावांना नाही म्हणणं भागच होतं. दारात हंडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून बुधवारी संध्याकाळी मी स्वतःच त्यांच्या घरी निघालो.

आणि सायकलवर बसल्यावर लक्षात आलं की मला त्यांचं घर माहीत नाही. इतक्या वर्षांची ओळख, दीड वर्षाचे रविवार, आणि मी एकदाही त्यांच्याकडे गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो याची कारणं तेव्हा मी शोधली नाहीत. आज शोधायला बसलो तर त्यांतली सगळीच काही चांगली निघणार नाहीत.

साडेसात वाजले होते. छत्रीबागेत लाइट नव्हती, पुढच्या रस्त्यावर नव्हती, बाजारात जनरेटर धडधडत होते. विचारत विचारत एका मोठ्या दवाखान्यामागच्या गल्लीत शिरलो, आणि एकदम उजेड. प्रत्येक खिडकीत दिवा. पानवाल्याला विचारलं, इकडे लाइट कधी आली?

"गई कब थी, भिया?" तो म्हणाला. "हॉस्पिटल की लाइन है. इधर कटौती नहीं होती."

दौलतरावांचं दार उघडंच होतं. एक खोली, मागे छोटं स्वयंपाकघर. ट्यूबलाइट लागलेली, पंखा फिरतोय, कपाटावर हंडी गोधडीत बांधून ठेवलेली. कॉटच्या उशाजवळच भिंतीत प्लग. आधी मला मनापासून राग आला. दीड वर्ष हा माणूस मला बनवत होता!

मला बघून दौलतराव गडबडीनं उठले. आणि त्यांनी काय करावं? हात लांब करून आधी पंखा बंद केला, मग ट्यूबलाइट. खोलीत अंधार झाला. बाहेरच्या गल्लीतला उजेड खिडकीतून आत येत होता आणि त्यात आम्ही दोघं एकमेकांना स्वच्छ दिसत होतो.

"लाइट... आत्ताच गेली," ते म्हणाले.

माझा राग तिथेच संपला. थोड्या वेळानं त्यांनीच ट्यूबलाइटचं बटण दाबलं आणि कॉटवर बसले. माझ्याकडे बघत नव्हते.

"एकदा लावली होती घरी," ते म्हणाले. "सुजाता परत गेली ना, त्याच रविवारी. पुस्तिकेप्रमाणे सगळं बरोबर केलं. सकाळपासून समोर बसलो. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. कुणी एकदा पण विचारलं नाही, शितोळेजी, की झालं का म्हणून. बॉयलरवर होतो तर पूर्ण मिल विचारायची. वीव्हिंगवाले, स्पिनिंगवाले, अरे तायडे, स्टीम आली का, किती वेळ अजून. आम्ही त्यांना डांटायचो. मजा यायची. त्या दिवशी मात्र शिजलं चांगलं, पण मला खाता नाही आलं. पूर्ण हंडी समोरच्या कुत्र्यांना दिली." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "पंचवीस लोकांचं होतं. कुत्रे सहाच होते."

मी ज्या कामासाठी गेलो होतो ते सांगायला तोंड उघडलं, आणि सांगू शकलो नाही. बॅचच्या मुलांना शनिवारी संध्याकाळी बोलावता येईल, एवढंच मनात आलं. सुलभाला काय सांगायचं ते मला माहीत होतं. हे असंच्या असं सांगितलं की तीच कप विसळेल, कुरकुर करत का होईना.

"रविवारी येताय ना?" मी विचारलं. "आमच्याकडे लाइट आहे. दहा ते चार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले आणि म्हणाले, "पहिल्यांदा आलात घरी. चहा घेतल्याशिवाय नाही सोडणार."

ते आत गेले. दारातून मला गॅस दिसत होता. त्यांनी पातेलं ठेवलं, पाणी टाकलं, गॅस पेटवला, आणि बटण फिरवत फिरवत ज्योत इतकी बारीक केली की ती पेटलेली आहे की नाही हे वाकून बघावं लागावं. साखर चमच्यानं नाही, जवळजवळ दाणा दाणा मोजून घातली. मग पातेल्यावर झाकण ठेवून ते तिथेच शेजारी, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. या आचेवर दोन कप पाण्याला उकळी यायला किती वेळ लागणार हे गणिताच्या मास्तराला कळत होतं. घरी सुलभा जेवायला थांबली होती. मी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराजवळ ओढली.

पाच मिनिटं झाल्यावर मी आतल्या बाजूला वाकून मोठ्यानं विचारलं, "काय दौलतराव, झाला का?"

ते वळले. डोळे ओले होते आणि चेहरा खूश होता.

"थांबा ना, भिया," त्यांनी मला डाफरलं. "घाई कसली आहे? आत्ताच तर ठेवलाय."