मीठ : निर्णय प्रलंबित

माणसाची खरी ओळख तो काय खातो यावरून होत नाही. आपल्याला काय आवडते असे तो लेखी देतो, त्यावरून होते. खाल्लेले पचून जाते, लेखी दिलेले फायलीत राहते. हे सत्य आमच्या वजन-माप कार्यालयाला पूर्वीपासून ठाऊक होते, पण त्याचा सुपाशी संबंध जोडण्याची दूरदृष्टी मात्र नव्या साहेबांनीच दाखवली.

आमचे काम थोडक्यात असे : जगात जिथे काही मोजले जाते तिथे जायचे, ते बरोबर मोजले जाते का हे पाहायचे, आणि जात असेल तर शिशाचे सील ठोकायचे. दोनशे बारा माणसे हे काम तीन मजल्यांवर करत. (नकाशात मजले चार होते. चौथ्याचा शोध चालू आहे.) तळमजल्यावर जिन्याखाली कँटीन होते आणि ते एकोणीस वर्षे मावशी चालवत होत्या. रोज साडेअकराला त्यांचे सूप होई. टोमॅटो, गाजर, मसूर आणि त्या दिवशी टोपलीत जे काही तोंड लपवून बसले असेल ते. सुपाला नाव नव्हते. जिन्यावरून कोणी "झालं का?" असे ओरडले की तो सुपाचाच प्रश्न असे आणि "या" हे त्याचे उत्तर असे.

नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी वाटी हातात घेऊन विचारले, "याचं प्रमाण काय?"

"आधी प्या," मावशी म्हणाल्या, "प्रमाण कुठं पळून जातंय?"

साहेबांना असे उत्तर देणारी व्यक्ती आजवर एकच होती आणि ती त्यांच्या घरी असे. ते वाटी ठेवून वर गेले. संध्याकाळपर्यंत परिपत्रक निघाले. कँटीनचा करार महिनाअखेर संपत आहे. तत्पूर्वी कर्मचाऱ्यांचे आवडते सूप शास्त्रीय पद्धतीने निश्चित करण्यात यावे. कँटीनचे सूप पहिले न आल्यास जिन्याखालची जागा कोपऱ्यावरच्या हॉटेलला देण्यात यावी.

मावशींनी परिपत्रक माझ्याकडून समजावून घेतले. सूप ठरवायला नेमलेल्या समितीचा मी सचिव होतो. "सचिवभाऊ," त्या म्हणाल्या, "हरले तर मी कुठं जायचं, ते मागच्या बाजूला लिहिलंय का बघा."

मी कागद उलटून पाहिला. मागे कोरे होते.

समितीचे पहिले पाऊल म्हणजे 'आवडते सूप : घोषणापत्र'. कार्यालयीन वेळ कामासाठी असल्याने (हे वाक्य परिपत्रकातले आहे, माझे नाही) घोषणापत्र प्रत्येकाने घरी नेऊन भरायचे होते. निकाल आठवड्यात हाती आला. दोनशे बारापैकी दोनशे बारा जणांना घरचे सूप सर्वांत जास्त आवडत होते. इतके एकमत या कार्यालयात यापूर्वी फक्त सुट्टीच्या बाबतीत झाले होते. अधिक तपशिलात गेल्यावर असे दिसले की त्यांतल्या एकसष्ट घरांत आजवर सूप झालेलेच नाही. नऊ जण एकटे राहत होते आणि त्यांनी स्वतःची स्तुती केली होती. एका निरीक्षकाने पहिल्या दिवशी धाडसाने 'हॉटेलचे' असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे दुरुस्तीपत्र आले. अक्षर त्याचे नव्हते.

साहेबांनी निकालाची वाखाणणी केली आणि तो बाजूला ठेवला. आता प्रत्यक्ष चाचणी. तीन नमुने मागवावेत : एक कोपऱ्यावरच्या हॉटेलचा, एक कँटीनचा आणि 'घरगुती गटाचा प्रातिनिधिक नमुना' म्हणून एक साहेबांच्या घरचा. (प्रतिनिधी कसा निवडला, असे कोणी विचारले नाही. आम्ही अनुभवी माणसे आहोत.)

हॉटेलच्या सुपाबद्दल मला व्यक्तिशः आदर आहे. एवढ्या मोठ्या बशीत एवढे थोडे सूप ठेवून गिऱ्हाइकाला पोट भरल्याचा भास देणे ही साधी गोष्ट नव्हे. वर सायीची एक वेटोळी रेघ असते आणि त्या रेघेवर एक पान असते. पान खायचे की नुसते पाहायचे, यावर आमच्या कार्यालयात दोन तट आहेत. सूप इतके कढत आणतात की जीभ भाजते, आणि भाजलेल्या जिभेने आजवर कोणत्याही हॉटेलविरुद्ध साक्ष दिलेली नाही. फळ्यावर 'आजचे खास सूप' असे लिहिलेले आहे. ते तैलरंगात आहे.

कँटीनच्या नमुन्यात मात्र एक तांत्रिक अडचण होती. मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट या इमारतीतून पास होत नाही, आणि मावशींच्या सुपाची कृती कुठेही लिहिलेली नव्हती. ती नोंदवण्याचे काम आमच्यातल्या 'दशांश'कडे गेले. हे त्याचे खरे नाव नव्हे. मुलगी झाली तेव्हा त्याने पेढ्यांबरोबर तिचे वजन तीन दशांश स्थळांपर्यंत सांगितले होते, तेव्हापासून नाव पडले.

दशांश वही घेऊन चुलीपाशी बसला. मी साक्षीदार होतो.

"टोमॅटो किती?"

"असतील तेवढे."

"असतील तेवढे म्हणजे?"

"म्हणजे नसतील तेवढे नाही घालत."

"पाणी?"

"पातेल्याला तो पोचा आलाय ना, तिथपर्यंत."

दशांशने पोच्यापर्यंत पाणी भरून मोजले. चार पूर्णांक तीनशे अठरा सहस्रांश लिटर. पोचा कधी आणि कशामुळे आला याची वेगळी नोंद केली.

"उकळायचं किती वेळ?"

"वास जिन्यापर्यंत गेला की बंद."

दशांश तीन दिवस घड्याळ घेऊन जिन्यात उभा राहिला आणि त्याने सरासरी काढली. (तिसऱ्या दिवशी त्याला सर्दी झाली होती. ती नोंद वगळली.)

"आणि मीठ?"

"चवीपुरतं."

दशांशने पेन उचलले. "कुणाच्या चवीपुरतं?"

मावशींनी त्याच्याकडे, लहान मुलाने आकाश कोणी रंगवले असे विचारल्यावर बघतात तसे पाहिले. "माझ्या," त्या म्हणाल्या. "मीच करते ना?"

इथे प्रकरण अडले. व्यक्तिगणिक बदलणारे माप हे आमच्या खात्यात गुन्ह्याच्या जवळपास येते. असल्या मापाबद्दल आम्ही दुकाने बंद केली आहेत. तेव्हा मिठाचा मुद्दा उपसमितीकडे सोपवून दशांशने रकान्यात लिहिले, 'निर्णय प्रलंबित'. कृती सतरा पानांची झाली. ती पक्की टंकित होऊन आली तेव्हा मिठाचा रकाना त्यात नव्हता, कारण प्रलंबित बाबी पक्क्या प्रतीत घ्यायच्या नाहीत असा नियम आहे. (नियम चांगला आहे. त्यामुळे आमच्या सर्व पक्क्या प्रती अतिशय निर्णायक दिसतात.) सतरा पाने आम्ही चौघांनी सही करून मंजूर केली. सही शेवटच्या पानावर असते, त्यामुळे बाकीची सोळा उघडण्याची वेळ आली नाही.

चाचणीच्या सकाळी मावशी ती पाने घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"सचिवभाऊ, यात एक गोष्ट..."

मी तीन नमुन्यांसाठी नऊ पोचपावत्या भरत होतो. मान वर न करता म्हणालो, "मावशी, जे लिहिलंय तेच करायचं. एक कण इकडे नाही, तिकडे नाही. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"बघा बरं का," असे म्हणून त्या गेल्या. मी बघितले नाही.

दुपारी सभागृहात एकसारखी तीन पातेली झाकून मांडली होती आणि वाट्या भरूनच हातात येत होत्या. नमुन्यांना क्रमांक टंकलेखिकेने दिले होते आणि यादी बंद लिफाफ्यात होती. चव घेणारे चौघे : साहेब, दशांश, निवृत्तीला सहा महिने उरलेले ज्येष्ठ सदस्य (सहा महिने उरलेल्या माणसाला सर्वच सूप आवडते), आणि मी.

पहिला नमुना बरा होता. दुसरा हुबेहूब पहिल्यासारखा होता. तिसरा तोंडात घेतला आणि चौघांच्याही चेहऱ्यावर काही उमटले नाही. उमटण्यासारखे त्यात काही नव्हतेच. पावसात राहिलेले टोमॅटो धुऊन उरलेले पाणी प्यावे तसे लागले. मीठच नव्हते.

आता समितीच्या बुद्धीला चालना मिळाली. साहेबांना रक्तदाब होता. जेवणाआधी ते गोळी घेत आणि ती कशासाठी हे तिन्ही मजल्यांना माहीत होते. डॉक्टरांनी त्यांचे मीठ तोडले होते. ज्या घरात मीठ तुटले आहे त्याच घरचे हे सूप, याबद्दल ज्येष्ठ सदस्यांच्या मनात शंका राहिली नाही. त्यांनी आणखी एक वाटी मागून घेतली.

"एक प्रकारचा संयम आहे यात," ते म्हणाले.

"भाजी बोलते," दशांश म्हणाला. "मध्ये दुसरं कुणी बोलत नाही."

साहेबांनी डोळे मिटून घोट घेतला. रोज अकरा वाजता घरून फोन आला की जो भाव त्यांच्या चेहऱ्यावर येई, तोच आला. त्यांनी डोळे न उघडता दहापैकी दहा दिले.

माझे काय? मावशींचे कँटीन वाचावे अशी माझी मनापासून इच्छा होती. त्यांचे सूप ओळखून त्याला दहा गुण द्यायचे असे मी रात्रीच ठरवून आलो होतो. पण एकोणीस वर्षे रोज प्यायलेले सूप तिघांपैकी कुठले, हे मला सांगता येईना. तेव्हा तिसऱ्याला दहा दिले, कारण माझा गोपनीय अहवाल साहेब लिहीत. मावशींसाठी मी मनातल्या मनात प्रार्थना केली. या दोन्ही गोष्टी एका माणसात एकाच वेळी राहू शकतात; नोकरीत तर त्यांना खोलीही वेगळी लागत नाही.

लिफाफा उघडला. तिसरा नमुना कँटीनचा होता. चाळीसपैकी चाळीस.

साहेबांनी पहिल्या पातेल्याचे झाकण उचलून पाहिले, ते हॉटेलचे. मग दुसऱ्याचे उचलून पाहिले, ते त्यांच्या घरचे. दोन्हींवर सायीची एकसारखी वेटोळी रेघ होती. दोन्ही रेघांवर एकेक पान होते. साहेब बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. आम्ही छताकडे बघत राहिलो. इतिवृत्तात मी एवढेच नोंदवले : 'घर आणि हॉटेल या भेदाला शास्त्रीय आधार आढळला नाही.' साहेबांनी त्यावर सही केली आणि त्या दिवशी ते उशिरा घरी गेले.

करार मावशींना मिळाला. बातमी सांगायला मी धावत जिना उतरलो.

"जिंकलात मावशी!"

"कशानं?" त्यांनी विचारले. "अहो, त्यात मीठ नव्हतं. ते काय सूप होतं? भाज्यांची आंघोळ होती नुसती. तेच सांगायला आले होते सकाळी."

पण आता सांगून उपयोग नव्हता. सतरा पानांना प्रमाणपत्र मिळाले होते, ते काचेत घालून चुलीवर टांगले होते, आणि प्रमाणित वस्तूत फेरफार करणाऱ्याला काय शिक्षा होते हे आमच्याइतके कोणाला माहीत? टेबलांवरच्या मिठाच्या बाटल्या 'बाह्य हस्तक्षेप' म्हणून उचलण्यात आल्या. चूक झाली असे म्हणायचे तर साहेबांच्या जिभेची चूक झाली असे म्हणावे लागले असते, आणि त्यासाठी लागणारा अर्ज छापलेला नव्हता. अभिप्रायाची वही मात्र ठेवली. तिच्यात रोज दोनशे बारा 'उत्तम' येऊ लागले. पातेल्यात चार लिटर सूप वर जाई आणि पावणेचार लिटर खाली येई.

तिसऱ्या आठवड्यात मावशींनी मला धरले.

"सचिवभाऊ, सूप कसंय?"

"उत्तम."

"वहीत काय आहे ते नाही विचारत. तोंडात काय आहे ते विचारतेय."

मी घोट गिळला. "उत्तमच म्हणायचं."

"एकानं म्हणा हो, मावशी अळणी आहे. एकानं. तेवढ्यावर मी मीठ घालीन, मग काय होईल ते माझं मी बघते."

कोणी म्हणाले नाही. म्हणणाऱ्याला समितीपुढे सिद्ध करावे लागले असते. महिना भरला त्या दिवशी मावशींनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "सतरा पानं वाचून कुणीही करील," म्हणाल्या. "माझी गरज कुठाय?" खरेच नव्हती. दुसरे कोणीतरी आले, सतरा पाने वाचू लागले आणि वहीतला आकडा दोनशे बारावरून हलला नाही.

मावशींनी फाटकाबाहेर गाडी लावली. पोचा असलेले पातेले नेले, मीठ नेले. साडेअकराला सगळे कार्यालय वहीत 'उत्तम' लिहून बाहेर येऊ लागले आणि वाटी घेऊन उभे राहू लागले. आता गोष्ट गोड झाली असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते.

पंधराव्या दिवशी मावशींनी काहीएक मनाशी धरून मीठ घातले नाही. एक्केचाळीस जणांनी वाट्या रिकाम्या केल्या. त्यांतल्या प्रत्येकाला त्यांनी विचारले, "कसं झालंय?" एक्केचाळीस जण म्हणाले, "वा मावशी, याला म्हणतात सूप." त्यांतला एक मी होतो.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला ते सांगितले. रागावल्या नव्हत्या. डाव पातेल्याच्या काठाला टेकवून उभ्या होत्या. माझी लाज झाकावी म्हणून मी म्हणालो, "मावशी, आम्ही पडलो नोकरदार. पण जगात सरळ माणसं आहेत. मी ही हकीकत लिहून काढतो. वाचणारी माणसं वेगळी असतात, त्यांना भिडभाड नसते. त्यांच्यातला एखादा येऊन तुम्हाला खरं सांगेल."

"असं?" त्या म्हणाल्या. "रोज घरी जेवतात का ते?"

"हो. घरीच जेवतात."

"मग राहू द्या," असे म्हणून त्यांनी मिठाचा डबा उघडला आणि बोटाने चाखून स्वतःच्या चवीपुरते घातले.