जाळीतले नाना

आमच्या शेजारचे नाना बापट पिंजऱ्यात राहायचे. हे मी नावं ठेवायला म्हणत नाही, वस्तुस्थितीच तशी होती. लोणावळ्यातल्या आमच्या चाळीत टोकाची खोली त्यांची. तिच्या पुढची अख्खी पडवी त्यांनी बारीक जाळीनं बंद करून घेतली होती. आत लाल मुनियांच्या सहा जोड्या, एक आरामखुर्ची आणि खुर्चीत नाना. पोस्टमन जाळीच्या फटीतून पत्र सरकवायचा. कोणी नवा पाहुणा चाळीत आला की आधी पाखरं बघायचा, मग दचकून नानांना नमस्कार करायचा.

त्यांच्या पत्नी इंदूवहिनींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करावी आणि घरी येऊन जाळीत शिरावं, एवढाच त्यांचा प्रपंच.

आणि बोलायचे कुजबुजत. "हळू. बसलेत," हे पालुपद. पाखरांसाठी असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण मालधक्क्यावर कुठली आली पाखरं? तिथंही तेच. हमाल त्यांच्या तोंडाशी कान नेऊन गोणी कुठं टाकायची ते विचारायचे. मी मास्तर माणूस. नानांशी पाच मिनिटं बोलून शाळेत गेलो की मुलांवर ओरडायला माझा आवाजच फुटत नसे.

पण खरं सांगतो, त्या पडवीत जाऊन बसावंसं वाटायचं. भाद्रपदात दुपारी धुकं थेट आत शिरायचं. नाना, खुर्ची, पलीकडची भिंत, सगळं पुसट व्हायचं, आणि त्या पांढऱ्यात लाल ठिपके इकडून तिकडे तरंगत राहायचे. अंगठ्याएवढं पाखरू, कुंकवासारखं लाल, वर पांढरे शिंतोडे. नाना तळहातावर राळ्याचे बारीक दाणे घेऊन बसायचे. कुठूनतरी "त्सी" असा बारीक आवाज यायचा, आणि आपण कुठल्या गावात आहोत तेच विसरायला व्हायचं. माझी बायको कुसुम मला हाक मारून थकायची.

ही पाखरं नानांना दिली हौशा आबानं. आबा डोंगराकडच्या वाडीवरचा, बाजाराला मध घेऊन यायचा. तेव्हा पाखरं विकायला बंदी नव्हती. धरणामागच्या गवतातून धरून त्यानं ती त्याच भाद्रपदात आणून दिली होती.

माघात घोटाळा झाला. नरांचा लाल रंग उडाला. सगळी मातकट. फक्त शेपटीच्या मुळाशी थोडा उरला. "तिथं घट्ट बसला असणार," नाना म्हणाले. मुंबईचे पाखरूवाले मुनिया रंगवून विकतात असं धक्क्यावरच्या कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. नानांनी ओला रुमाल घेऊन एक नर पुसूनही बघितला. रुमालाला काही लागलं नाही, तर म्हणाले, "होता तेवढा सगळा उतरलाय."

त्या आठवड्याच्या बाजारी नाना ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ऐकला त्यांचा आवाज. "आबा, रंगवलेली पाखरं दिलीत मला! फसवलंत!"

आबा शांतपणे म्हणाला, "म्या काय रंगारी हाय? आखाड लागू द्या, मंग बोला."

पण लोकांना तेवढंच पुरलं. 'रंगारी आबा' हे नाव त्याला चिकटलं. "यात काकवी किती?" असं विचारत गिऱ्हाईक मधाचा डबा हुंगायला लागलं. दोन महिन्यांत आबा बाजाराला यायचा बंद झाला.

आषाढात एका सकाळी नाना आमच्या दारात उभे. "मास्तर, चोच लाल झाली." पंधरा दिवसांत पाठी लाल झाल्या. कोणी हात लावला नव्हता की कुंचला. चाळ कौतुकानं बघायला लोटली, आणि नानांच्या घशाखाली घास उतरेना. "मी चांगल्या माणसाचं नाव घालवलं हो," एवढंच म्हणत राहायचे.

मी त्यांना वाडीवर घेऊन गेलो. आबा खाचरात लावणी करत होता. नाना बांधावर उभे राहून पुटपुटले.

"काय म्हनत्यात?" आबानं मला विचारलं.

"माफी मागतायत."

"त्या दिशी साऱ्या बाजारानं ऐकलं. आज मला बी ऐकू येईना." आबानं हातातली रोपं खोवली. "माफी बी तितंच पायजेल, नाना. मी येतो मध घेऊन."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पुढच्या बाजारी नाना भर गर्दीत उभे राहिले. दोनदा तोंड उघडलं, आवाजच निघेना. मला त्यांच्याकडे बघवेना. तिसऱ्यांदा मात्र असे गरजले की भाजीवालीच्या हातातला तराजू हलला. "ऐका हो! पाखरं खरी आहेत! आपली आपण लाल होतात! आबा खरा, खोटा मी!"

कोणीतरी हसलं, आणि एका बाईनं न हुंगता मधासाठी बाटली पुढं केली. दुपारपर्यंत डबा रिकामा झाला. नाना घाम पुसत आबाच्या घोंगडीवर टेकले.

"येवढा आवाज हाय की तुमचा," आबा म्हणाला. "मंग रोज असं चोरावानी का बोलता?"

मला वाटलं, पाखरांचं सांगतील. पण नाना आपल्या पायांकडे बघत बोलू लागले.

"घरात मोठ्यानं बोललं ना आबा, तर उत्तर येत नाही ते कळतं. हळू बोललं की वाटतं, तिला ऐकू गेलं नसेल."

चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, त्यांना हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

आबानं रिकामा डबा बाजूला सारला, आणि नानांच्या जवळ सरकून बसला.

"बोला," तो म्हणाला. "मला ऐकू येतंय."