चंद्राक्काची खोकल्यांची वही

चंद्राक्का समोर असताना खोकू नये, अशी सर्व सुज्ञ वाचकांस माझी नम्र सूचना आहे. खोकलात, तर ती नमस्कार अर्धवट सोडून बोटांवर मोजू लागते. पहिल्या भेटीत मी माझी सत्तावीस वर्षांची अर्जलेखनाची कारकीर्द तिला निवेदन करीत असता तिने मध्येच निकाल दिला, "अकरा!"

"अकरा काय?"

"खोकले, अण्णा. घरी लाकडावर पाणी तापवता ना?"

तापवतो. तिला कसे कळले, हे मला अद्याप उमगलेले नाही.

हेब्बाळच्या एका वस्तीत राहणारी ही साठीची बाई एका कंपनीच्या बिनधुराच्या शेगड्या आणि सौरदिवे विकते. वस्तीतल्या चार बायकांना तिने हेच काम शिकवले. पद्धत मात्र अजब. प्रथम गिऱ्हाइकाच्या चुलीपाशी बसायचे आणि स्वयंपाक होईपर्यंत खोकले मोजून वहीच्या डाव्या पानावर तेवढ्या रेघा ओढायच्या. मग शेगडी आठ दिवस वापरायला देऊन पुन्हा मोजायचे. त्या रेघा उजव्या पानावर. रेघा घटल्या तरच विक्री.

"अक्का, मला आवडलीय, द्या की!" एकीने विनवले.

"खोकला कुठं कमी झाला? आधी नवऱ्याची बिडी बंद कर, मग ये."

अशाने विक्री ती काय होणार! कंपनीच्या इंदिरानगरच्या कार्यालयातून पत्र आले की, महिनाअखेर वस्तीतले विक्रीकेंद्र बंद. तेव्हा ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"माझं राहू दे, अण्णा. त्या चौघींचं काम जाईल, ते लिहा. त्यातली मंजुळा आत्ता कुठं मान वर करून बोलायला लागलीय."

मी वही चाळली आणि भारदस्त कन्नडमध्ये अर्ज सिद्ध करून तिला मराठीत ऐकवला, "सदर मंजुळाबाईंनी एकाच गल्लीत चारशे बारा शेगड्या विकल्या असून..."

"अय्यो अण्णा! त्या गल्लीत घरंच सव्वीस! ते खोकले हो!"

ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. स्वहस्ते लिहिलेला अर्ज मी कारकिर्दीत प्रथमच फाडला. नवा चार ओळींत लिहिला आणि पुरावा म्हणून वहीच जोडू म्हटले.

"सरी, बरं. स्वल्प थांबा." तिने वहीच्या आरंभी दोऱ्याने टाचलेला एक पिवळा, दुमडलेला कागद सोडवून कमरेच्या पिशवीत ठेवला.

पंधरवड्याने इंदिरानगरचे साहेब स्वतः आले. मंजुळाने त्यांना एका चुलीपाशी बसवले. भात शिजेपर्यंत साहेब नऊदा खोकले, आणि मंजुळाने त्यांच्यादेखत नऊ रेघा ओढल्या. केंद्र राहिले.

वही परत मिळताच चंद्राक्का माझ्याच टेबलाशी बसून तो पिवळा कागद पुन्हा टाचू लागली. डाव्या अंगाला रेघाच रेघा, उजवे अंग कोरे. माझी जिज्ञासा मला आवरेना.

"हे कोणाचे घर?"

"आमचंच. आई भाकऱ्या करायची, मी शेजारी बसून मोजायची." सुईच्या नेढ्यात तिचा दोरा जाईना. "मोजायला तेवढं येत होतं, अण्णा. शेगडी कुठं होती तेव्हा?"

अर्जात घालण्याजोगी वाक्ये मला पुष्कळ येतात. त्या वेळी मात्र मी तिच्या हातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.