डोंगरावरच्या फुलाचं बारसं

समस्त मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, धावड्याच्या गुंडूआबांच्या डाव्या जोड्याचं नाव दिवाण होतं आणि उजव्याचं सुभेदार. "दिवाण चावून राह्यला रे!" असं आबा कण्हले, की आम्ही शेजारी तेलाची वाटी घेऊन धावायचो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आबांना बिनानावाची वस्तू खपायची नाही. छत्रीचं नाव बेगम, खाटेचं हैदराबाद. "हैदराबादेत गेल्तो" म्हणजे दुपारी झोपलो होतो!

एका भादव्यात जंगल खात्याचे साहेब आले. डोंगर पिवळ्या फुलांनी नुसता झाकून गेलेला. "इस फूल का नाम क्या है?" साहेबांनी विचारलं. पाटील अदबीने म्हणाले, "गवत, सरकार."

आबांचं तोंड एवढंसं झालं. "आपल्या डोंगराचं लेकरू, अन् परक्यापुढं बिनानावाचं? बिलकुल चालनार न्हाई! जल्दी बारसं करू!"

आणि खरंच केलं हो! घुगऱ्या शिजल्या. माळ्यावरचा पाळणा खाली आला. नाव ठेवायला आत्या हवी, म्हणून आबांच्या थोरल्या बहीण कोंडाबाई वाटूरहून बैलगाडीत आदळत आल्या. नाव आबांनीच काढलं होतं: सुवर्णमंजिरी. ते त्यांनी बहिणीकडून सकाळपासून दहादा घोकून घेतलं. "बाई, बराबर म्हन. मंग कुनी गवत म्हननार न्हाई."

पाळण्यात फुलांची जुडी निजली. कोंडाबाई तिच्या कानाशी वाकल्या. फुलाला कान कुठला, हे कुणी विचारलं नाही. बायकांनी हसत हसत त्यांच्या पाठीत बुक्के घातले, "कुर्रर्र!"

कोंडाबाई वाकलेल्याच राहिल्या. पाळण्यावरून हात फिरवत. आबांच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनीच तो धाडला होता. रंग अजून कोरा होता. त्यात कधी कुणी निजलंच नव्हतं.

"सोनकी," त्या म्हणाल्या.

आमच्या गावात पुढे तेच नाव चाललं. पण तेव्हा आबा उसळले, "अगं बाई, सुवर्णमंजिरी! सुवर्ण..."

घुगऱ्या वाटणाऱ्या आबांच्या बायकोचा हात थांबला. कोंडाबाईंनी पदराने नाक पुसलं आणि त्या सगळ्यांदेखत ओरडल्या,

"गप रे गुंड्या! तीस वर्सं झाली, तुझ्या लेकीसाठी हेच नाव धरून बसल्ते मी!"